अटीच्या कंसातलं '=' : कुठे वापरावं, कुठे टाळावं

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये कुणीतरी दोन ओळी घुसवल्या. कर्नलचा मूळ कोड तेव्हा बिटकीपर या यंत्रणेत ठेवला जायचा. ज्यांना बिटकीपर वापरायचं नव्हतं, त्यांच्या सोयीसाठी सीव्हीएस या जुन्या यंत्रणेत त्याची एक प्रत ठेवलेली होती. घुसखोर त्या प्रतीच्या सर्व्हरमध्ये शिरला आणि 'वेट४' या फंक्शनमध्ये त्याने बदल केला. वरवर पाहता ती साधी तपासणी वाटत होती: दोन विशिष्ट पर्याय एकत्र मागितले असतील आणि चालू प्रोसेसचा युजर आयडी शून्य असेल, तर एरर परत करायची. अटीचा दुसरा भाग असा होता:

&& (करंट->यूआयडी = ०)

इथे '==' हवं होतं, '=' होतं. त्यामुळे आयडी शून्य आहे का हे तपासलं जात नव्हतं, आयडी शून्य केला जात होता. लिनक्समध्ये शून्य क्रमांकाचा युजर म्हणजे रूट, सगळ्या यंत्राचा मालक. शिवाय शून्य म्हणजे 'खोटं', त्यामुळे अट कधीच पूर्ण होत नव्हती आणि एररही येत नव्हती. ते दोन पर्याय देऊन 'वेट४'ला हाक मारणारा कुठलाही प्रोग्रॅम गुपचूप रूट होऊन बसला असता. बिटकीपरच्या मूळ साठ्यात या बदलाची नोंद नव्हती. दोन्ही प्रतींची पडताळणी करताना ही तफावत बिटकीपरचे कर्ते लॅरी मॅकव्हॉय यांच्या लक्षात आली आणि त्या ओळी मुख्य कर्नलपर्यंत पोचल्याच नाहीत.

असाइनमेंट ही एक्स्प्रेशन म्हणून वापरता येण्याची सोय किती गोंधळ घालू शकते, याचं इतकं नेटकं उदाहरण दुसरं सापडणं कठीण. तरीही ही सोय सी, सी++, जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी, पर्ल, रुबी अशा कितीतरी भाषांत आहे आणि पायथनने ती २०१९ मध्ये मुद्दाम आणली. म्हणजे तिचा उपयोग आहे, फक्त त्या उपयोगाची जागा अरुंद आहे. ती जागा कोणती आणि तिच्याबाहेर काय करायचं, हे पुढे पाहू. लेखातला कोड वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत दिला आहे.

स्टेटमेंट की एक्स्प्रेशन?

प्रोग्रॅमिंगमध्ये स्टेटमेंट काम करतं, एक्स्प्रेशनमधून किंमत निघते. '२ + ३' या एक्स्प्रेशनची किंमत ५. ती दुसऱ्या हिशेबात वापरता येते, फंक्शनला देता येते, अटीत तपासता येते. स्टेटमेंटमधून असं काही हाती लागत नाही.

पास्कलमध्ये किंवा पायथनमधल्या साध्या '=' मध्ये असाइनमेंट हे स्टेटमेंट आहे. 'वय = १८' लिहिलं की नोंद झाली, विषय संपला. सीमध्ये मात्र 'वय = १८' या तुकड्यालाच १८ ही किंमत आहे. वाण्याने खातेवहीत रक्कम मांडताना ती मोठ्याने म्हणावी, म्हणजे शेजारचा ती ऐकून पुढचा हिशेब करू शकेल, तसं हे आहे. एकाच ओळीत किंमत साठवलीही जाते आणि लगेच वापरताही येते.

म्हणूनच 'इफ (वय = १८)' हा सीमधला पूर्णपणे कायदेशीर कोड आहे. कंपायलर वयात १८ भरतो, १८ शून्य नाही म्हणून अट खरी मानतो आणि पुढे जातो. वय आधी १२ असो की ६०, निकाल एकच, आणि मूळ वय पुसलं जातं ते वेगळंच. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर ज्यांनी प्रॅक्टिकल्स केली, त्यांना 'पॉसिबली इनकरेक्ट असाइनमेंट' ही वॉर्निंग आठवत असेल. बहुतेक जण ती न वाचता प्रोग्रॅम चालवून पाहायचे.

चिन्ह लहान कसं झालं

फोरट्रानने १९५७ मध्ये असाइनमेंटसाठी '=' वापरलं आणि पुढच्या आवृत्त्यांत तुलनेसाठी '.ईक्यू.' हे अक्षरी रूप आणलं. दोन्हींत गल्लत होणं शक्यच नव्हतं. अल्गॉलच्या कर्त्यांना गणितातलं '=' समतेसाठीच राखायचं होतं, म्हणून त्यांनी असाइनमेंटला ':=' दिलं. निक्लाउस विर्थ यांनी १९७० च्या पास्कलमध्ये तीच वाट धरली.

वळण आलं बेल लॅब्जमध्ये. केन थॉम्पसन यांनी बीसीपीएल ही भाषा आटवून बी ही छोटी भाषा केली. त्यांच्यापुढचं पीडीपी-७ यंत्र इतकं तोकडं होतं, की आखूडपणा ही तिथली गरजच होती. बीसीपीएलमधलं ':=' जाऊन '=' आलं, तुलनेसाठी '==' आलं, आणि असाइनमेंट हा बेरीज-वजाबाकीसारखा एक ऑपरेटर झाला. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बीमधून सी घडवली तेव्हा हे सगळं तसंच राहिलं. सीच्या कर्त्यांचा युक्तिवाद सरळ होता: असाइनमेंट तुलनेपेक्षा जास्त वेळा लिहावी लागते, तेव्हा तिचं चिन्ह छोटं असावं. सीनंतरच्या सी++, जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी, सी# या भाषांनी चिन्हही उचललं आणि ही सवयही.

जिथे खरंच उपयोग होतो

किंमत मिळवणं आणि तपासणं ही एकच हालचाल असते, अशी परिस्थिती प्रोग्रॅममध्ये वारंवार येते. फाइलमधून ओळ वाचायची आणि वाचता आली का ते पाहायचं. डेटाबेसकडून पुढची नोंद मागायची आणि नोंदी संपल्या का ते पाहायचं. मजकुरात नमुना शोधायचा आणि सापडला का ते पाहायचं. सीमधला सगळ्यात परिचित नमुना हा:

व्हाइल ((अक्षर = गेटचार()) != ईओएफ)

ही सोय नसेल तर दोन पर्याय उरतात. एक म्हणजे वाचनाची ओळ लूपच्या आधी एकदा आणि लूपच्या तळाशी पुन्हा लिहायची. सहा महिन्यांनी कुणीतरी वरची ओळ बदलतं आणि खालची विसरतं. दुसरा म्हणजे न संपणारा लूप लिहून मध्येच 'ब्रेक' टाकायचा. तोही चालतो, पण लूप कधी थांबणार हे त्याच्या डोक्यावर दिसत नाही, पोटात शिरून शोधावं लागतं. वरच्या एका ओळीत मात्र काय वाचलं, कुठे ठेवलं आणि कधी थांबायचं, हे तिन्ही एका नजरेत येतं.

या ओळीतले आतले कंस शोभेचे नाहीत. सीमध्ये '!=' चा अग्रक्रम '=' पेक्षा वरचा आहे. कंस काढले तर आधी 'गेटचार() != ईओएफ' ही तुलना होते आणि तिचं उत्तर, म्हणजे १ किंवा ०, 'अक्षर' मध्ये जाऊन बसतं. लूप बरोबर तेवढ्याच वेळा फिरतो, पण हाती अक्षरांऐवजी नुसते एक येतात. दुसरी दक्षता प्रकाराची. 'अक्षर' हे 'इंट' असायला हवं, 'कॅर' नव्हे, कारण गेटचार इंट परत करतं आणि ईओएफ ही ऋण संख्या असते. ज्या यंत्रावर कॅरला ऋण किंमत घेता येत नाही तिथे लूप कधी थांबतच नाही. जिथे घेता येते तिथे २५५ किंमतीचा एखादा बाइट आला की लूप फाइल संपण्याआधीच थांबू शकतो.

जावातला नमुनाही याच घाटाचा आहे:

व्हाइल ((ओळ = रीडर.रीडलाइन()) != नल)

जावात 'इफ'ला बूलियनच लागतं, त्यामुळे 'इफ (वय = १८)' तिथे कंपाइलच होत नाही. पण 'इफ (मंजूर = ट्रू)' होतं आणि अर्ज कुणाचाही असो, मंजूर होतो. यावर साधा उपाय आहे: बूलियनची ट्रूशी तुलना करूच नये. 'इफ (मंजूर)' आणि 'इफ (!मंजूर)' लिहिलं की चूक व्हायला जागाच राहत नाही.

पायथनचा वॉलरस

पायथनने जवळपास तीन दशकं ही सोय दिली नव्हती. गिडो व्हॅन रॉसम यांनी असाइनमेंट स्टेटमेंटच ठेवली होती, ती सीमधली चूक पायथनमध्ये शिरू नये म्हणून. २०१८ मध्ये ख्रिस अँजेलिको, टिम पीटर्स आणि स्वतः गिडो यांच्या नावाने ५७२ क्रमांकाचा प्रस्ताव आला. त्यावर इतका वाद झाला, की प्रस्ताव मंजूर झाल्यावर त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात गिडो यांनी भाषेच्या अंतिम निर्णयाची सूत्रं खाली ठेवली. आज तो अधिकार निवडून आलेल्या स्टिअरिंग कौन्सिलकडे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीत ':=' दाखल झालं. दोन टिंबं म्हणजे डोळे आणि '=' म्हणजे सुळे, म्हणून त्याला वॉलरस म्हणतात.

पायथनने '=' ला हात लावला नाही. अटीत '=' लिहिलं तर आजही एररच येते, आणि ३.१० पासून ती एररच विचारते, की तुम्हाला '==' किंवा ':=' तर म्हणायचं नव्हतं? गल्लत टाळण्यासाठी दोन कामांना दोन चिन्हं ठेवल्यामुळे सीमधला धोका इथे येत नाही.

वॉलरस वापरायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे मोठी फाइल तुकड्यातुकड्याने वाचणारा लूप:

व्हाइल तुकडा := फाइल.रीड(८१९२):
    प्रक्रिया(तुकडा)

दुसरी जागा म्हणजे एकामागून एक नमुने तपासणं:

इफ जुळणी := दिनांक_नमुना.मॅच(ओळ):
    दिनांक_नोंदवा(जुळणी)
एलिफ जुळणी := रक्कम_नमुना.मॅच(ओळ):
    रक्कम_नोंदवा(जुळणी)

वॉलरस नसताना दुसरी तपासणी पहिल्याच्या 'एल्स' मध्ये, तिसरी दुसऱ्याच्या 'एल्स' मध्ये, असा कोड उजवीकडे सरकत जायचा. नमुने पाच-सहा असले तर फरक लगेच डोळ्यांत भरतो.

तिसरी जागा लिस्ट कॉम्प्रिहेन्शन. फंक्शन महाग आहे आणि त्याचं उत्तर गाळणीतही हवं, यादीतही हवं, अशा वेळी ते दोनदा बोलवावं लागत नाही:

[गुण फॉर नाव इन यादी इफ (गुण := गुण_काढा(नाव)) इज नॉट नन]

इथे एक बारकावा आहे. 'नाव' हे कॉम्प्रिहेन्शनपुरतंच जगतं, पण वॉलरसने भरलेलं 'गुण' बाहेरच्या फंक्शनमध्ये उरतं. बाहेर आधीच 'गुण' नावाचं काही असेल तर ते पुसलं जातं. म्हणून अशा ठिकाणी 'एक्स' किंवा 'टेंप' सारखं आणखी चार ठिकाणी सापडणारं नाव देऊ नये.

वॉलरसला काही बंधनंही आहेत. डावीकडे फक्त साधं नाव चालतं. ऑब्जेक्टचा अ‍ॅट्रिब्यूट किंवा यादीतला अमुक क्रमांकाचा घटक चालत नाही. ओळीवर एकटं 'वय := १८' लिहिलं तर एरर येते. कंसात घालून ते चालवता येतं, पण तिथे साधं '=' असताना तसं करायचं काही कारण नाही. एफ-स्ट्रिंगच्या महिरपी कंसात ':=' लिहिलं तर पायथन त्याला वॉलरस समजत नाही, ते फॉरमॅटची सूचना म्हणून वाचतो. वॉलरसच हवा असेल तर आत आणखी गोल कंस लागतात.

शून्य, रिकामं आणि 'काहीच नाही'

इतकं पाळूनही एक चूक उरते, आणि ती '=' व '==' च्या गल्लतीपेक्षा उशिरा उघडकीला येते. किंमत साठवून तिच्या खरे-खोटेपणावर अट सोडून दिली, की 'मिळालं नाही' आणि 'मिळालं, पण शून्य आहे' यातला फरक पुसला जातो.

'इफ शिल्लक := खाते_शिल्लक(क्रमांक)' ही ओळ खातं नसेल तर 'नन' देते आणि अट खोटी होते, हे बरोबर. पण खातं असून शिल्लक शून्य असेल तरी अट खोटीच होते आणि जिवंत खातेदार यादीतून गळतो. अशा वेळी तुलना उघड लिहावी लागते:

इफ (शिल्लक := खाते_शिल्लक(क्रमांक)) इज नॉट नन:

कंस विसरले तर 'शिल्लक' मध्ये रक्कम न येता ट्रू किंवा फॉल्स येतं. सीमधल्या गेटचारची अडचण इथे वेगळ्या वेषात पुन्हा भेटते, कारण ':=' चा अग्रक्रम जवळपास सगळ्या ऑपरेटरांच्या खाली आहे.

पीएचपीतही हेच. फोल्डरमधल्या फाइलींची नावं 'रीडडीर' ने घेताना 'व्हाइल ($फाइल = रीडडीर($फोल्डर))' असं लिहिलं आणि फोल्डरमध्ये '०' नावाची फाइल निघाली, तर लूप तिथेच थांबतो. कारण पीएचपीत '०' ही स्ट्रिंग खोटी मानली जाते. '!== फॉल्स' अशी तीन चिन्हांची तुलना केली की ही अडचण जाते. पर्लमध्ये तर फाइल वाचण्याच्या लूपभोवती इंटरप्रिटर 'डिफाइन्ड' ही तपासणी स्वतःहूनच लावतो, नाहीतर शेवटच्या ओळीत नुसतं शून्य असलेली फाइल अर्धवट वाचली गेली असती.

पायथनच्या 'रीडलाइन' ला मात्र हा त्रास नाही. रिकाम्या ओळीतही नव्या ओळीचं चिन्ह असतं, त्यामुळे ती खरी ठरते आणि फाइल संपल्यावरच रिकामी स्ट्रिंग येते. थोडक्यात, अट नुसत्या किंमतीवर सोडायची की तुलना उघड लिहायची, हे फंक्शन 'संपलं' हे कसं सांगतं त्यावर ठरतं. ते ठाऊक नसेल तर उघड तुलनाच लिहावी.

'अँड', 'ऑर' च्या पुढे असाइनमेंट लिहिताना आणखी एक गोष्ट पाहावी. डावी बाजू खोटी निघाली तर 'अँड' ची उजवी बाजू चालतच नाही. मग तिथे जन्मणारं व्हेरिएबल जन्मतच नाही, आणि खालच्या ओळीत ते वापरलं की पायथन 'नेमएरर' देतो. सीमध्ये आणखी वाईट, कारण व्हेरिएबल तर असतं, पण त्यात जुनी किंवा न भरलेली किंमत असते.

साखळीतले खड्डे

असाइनमेंटला किंमत असल्यामुळे 'अ = ब = क = ०' अशी साखळी सीमध्ये सहज बनते. ती उजवीकडून डावीकडे चालते. मधला दुवा वेगळ्या प्रकारचा असेल तर मात्र किंमत वाटेत बदलते. 'अपूर्णांक = पूर्णांक = ३.७' लिहिलं तर पूर्णांकात ३ जातात आणि अपूर्णांकाला पुढे ३च मिळतात, कारण एक्स्प्रेशनची किंमत म्हणजे डावीकडे प्रत्यक्ष साठलेली किंमत.

जावास्क्रिप्टमध्ये 'लेट अ = ब = ०' ही ओळ दोन व्हेरिएबलं जाहीर केल्यासारखी दिसते. 'लेट' मात्र फक्त 'अ' ला लागू होतो. 'ब' आधी जाहीर नसेल तर तो ग्लोबल म्हणून तयार होतो आणि दुसऱ्या फाइलीतल्या 'ब' शी भांडायला लागतो. स्ट्रिक्ट मोडमध्ये आणि आधुनिक मोड्यूलमध्ये तिथेच एरर येते, हे बरं. पायथनमध्ये 'अ = ब = []' लिहिलं की दोन नावं एकाच यादीला चिकटतात. 'अ' मध्ये घातलेली वस्तू 'ब' मध्येही दिसते. साखळी फक्त साध्या, न बदलणाऱ्या किंमतींसाठी ठेवावी, आणि तीही एकाच प्रकारच्या व्हेरिएबलांत.

मुलाखतीच्या प्रश्नांत हमखास येणारी 'आय = आय++' ही ओळ यातच मोडते. सीमध्ये एकाच एक्स्प्रेशनमध्ये, क्रम ठरलेला नसताना, एक व्हेरिएबल दोनदा बदललं तर परिणाम काय होईल हे मानक सांगतच नाही. कंपायलर काहीही करायला मोकळा असतो. जावात क्रम ठरलेला आहे आणि 'आय' होता तसाच राहतो. 'उत्तर काय येईल' असा प्रश्न सीबाबत विचारला गेला, तर 'ते ठरलेलं नाही' हेच बरोबर उत्तर. प्रत्यक्ष कामात ही ओळ लिहिण्याची वेळ येऊ नये.

नव्या भाषांनी काढलेले मार्ग

'=' मधून किंमत मिळणं बंद केलं, पण 'मिळव आणि तपास' ही गरज भागवली, असं गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या बहुतेक नव्या भाषांनी केलं. गो ही भाषा २००७ मध्ये गूगलमध्ये रॉबर्ट ग्रिझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी आखायला घेतली. बीमध्ये असाइनमेंटला ऑपरेटर करणारे थॉम्पसन ते हेच. गोमध्ये मात्र असाइनमेंट स्टेटमेंट आहे, 'आय++' सुद्धा स्टेटमेंटच. गरज भागते ती 'इफ' मध्ये अर्धविरामाने जोडलेल्या दोन भागांनी:

इफ एरर := जतन_करा(); एरर != निल

इथली काळजी वेगळी आहे. गोमधलं ':=' नवं व्हेरिएबल जन्माला घालतं. आतल्या ब्लॉकमध्ये 'डेटा, एरर := वाचा()' लिहिलं तर बाहेरचा 'एरर' निलच राहतो आणि आतली चूक बाहेर कळतच नाही. बाहेरच्याच एररमध्ये किंमत हवी असेल तर 'डेटा' आधी जाहीर करून साधं '=' वापरावं.

रस्टमध्ये असाइनमेंट एक्स्प्रेशन आहे, पण तिची किंमत 'युनिट' नावाची रिकामी किंमत. त्यामुळे 'इफ' मध्ये ती ठेवली की प्रकार जुळत नाही म्हणून कंपायलर अडवतो. काम होतं ते 'इफ लेट' आणि 'व्हाइल लेट' ने. स्विफ्टमध्ये '=' काहीच परत करत नाही आणि 'इफ लेट', 'गार्ड लेट' आहेत. कोटलिनमध्येही असाइनमेंट एक्स्प्रेशन नाही. जावातून कोटलिनकडे येणाऱ्यांचा रीडलाइनचा जुना लूप तिथे अडतो, तेव्हा तो तसाच बसवण्याची खटपट न करता 'फॉरएचलाइन' किंवा 'युजलाइन्स' वापरावं. सी++नेही २०१७ च्या मानकात गोसारखा अर्धविरामाचा 'इफ' घेतला. शोधून मिळालेली किंमत त्या 'इफ' पुरतीच जगते, म्हणून नव्या सी++ कोडमध्ये हाच प्रकार घ्यावा.

टूल्स आणि सवयी

सी किंवा सी++ लिहिणाऱ्याने जीसीसी किंवा क्लँग 'डब्ल्यू-ऑल' या पर्यायासह चालवावा. अटीत उघडं '=' दिसलं की दोन्ही वॉर्निंग देतात. मुद्दाम केलेली असाइनमेंट जादा कंसात घातली की वॉर्निंग थांबते, असा संकेत आहे. पण फक्त त्या कंसांवर विसंबू नये. लिनक्सच्या त्या घुसवलेल्या ओळीतही असाइनमेंट कंसात होती, त्यामुळे कंपायलरला हरकत घ्यायचं कारण उरलं नव्हतं. कंसाबरोबर '!= ०' किंवा '!= नल' अशी उघड तुलनाही असली, की हेतू वाचणाऱ्यालाही कळतो.

जावास्क्रिप्टमध्ये ईएसलिंटचा 'नो-कॉन्ड-असाइन' हा नियम शिफारस केलेल्या संचातच येतो आणि कंसाशिवायची असाइनमेंट अडवतो. टीम नवशिकी असेल तर तो 'ऑलवेज' वर ठेवावा, म्हणजे कंसातलीही अडते. जावासाठी चेकस्टाइलमध्ये 'इनरअसाइनमेंट' ही तपासणी आहे. गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी १९९८ मध्ये पहिल्यांदा आलेल्या मिस्रा सी या नियमावलीत, २०१२ च्या आवृत्तीतला १३.४ क्रमांकाचा नियम असाइनमेंटचा निकाल वापरूच नये असा सल्ला देतो. पुणे-चाकण पट्ट्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणाऱ्यांनी गेटचारचा नमुनाही दोन ओळींत लिहायची सवय ठेवलेली बरी.

काही जण स्थिर किंमत डावीकडे लिहितात: 'इफ (१८ == वय)'. चुकून एक '=' सुटलं तर १८ मध्ये काही साठवता येत नाही, म्हणून कंपाइलच होत नाही. 'स्टार वॉर्स'मधल्या उलटं बोलणाऱ्या पात्रावरून याला योडा कंडिशन म्हणतात आणि वर्डप्रेसच्या पीएचपी नियमांत ती बंधनकारक आहे. वर्डप्रेससाठी लिहिणाऱ्याने ती पाळावी. इतरांनी वॉर्निंगवर भर द्यावा, कारण दोन्ही बाजूंना व्हेरिएबल असेल तर योडाचा काही उपयोग होत नाही.

कोड रिव्ह्यूमध्ये एक्स्प्रेशन म्हणून वापरलेली असाइनमेंट दिसली, तर चार प्रश्न विचारावेत. किंमत मिळवणं आणि तपासणं खरंच एकाच जागी आहे का? शून्य किंवा रिकामी किंमत आली तर काय होतं? कंस काढले तर अर्थ बदलतो का, आणि बदलत असेल तर कंस आहेत का? हे व्हेरिएबल अट संपल्यावर कुठे वापरलं आहे, आणि तिथे पोचेपर्यंत त्यात किंमत नक्की भरली गेली आहे का? यातल्या एकाही प्रश्नाला अडखळत उत्तर मिळालं, तर दोन ओळी कराव्यात. वेगात फरक पडत नाही आणि डीबगरमध्ये मधली किंमत पाहता येते.

जुना, मोठा सी किंवा पीएचपीचा प्रकल्प हाती आला असेल तर सगळ्या असाइनमेंट एका बैठकीत बदलायला जाऊ नये. आधी वॉर्निंग चालू करून यादी काढावी. यादीतल्या ओळी दोन ढिगांत विभागाव्यात: खऱ्या चुका आणि हेतुपुरस्सर लिहिलेल्या. हेतुपुरस्सर ओळींना उघड तुलना जोडणं हे निर्धोक काम आहे. ते वेगळ्या कमिटमध्ये करावं. खरी चूक दुरुस्त करण्याआधी मात्र तिच्याभोवती टेस्ट लिहावी, कारण वर्षानुवर्षं 'खरीच' ठरणाऱ्या अटीवर बाकीचा कोड नकळत अवलंबून राहिलेला असतो आणि '==' करताच दुसरीकडे काहीतरी मोडतं. वॉर्निंगची यादी पूर्ण रिकामी झाली की मगच 'डब्ल्यू-एरर' लावून प्रत्येक वॉर्निंगला एररचा दर्जा द्यावा. तो आधीच लावला तर पहिल्याच दिवशी बिल्ड बंद पडतं आणि घाईत कुणीतरी तो पर्याय काढून टाकतं.